त्या रविवारी फटाके वाजले नाहीत

मला काढल्यावर दादाचा श्वास कोण मापात ठेवणार?

चेलो मिस्त्रीने माझे नट सैल केले, त्या दिवशी मी हे विचारलं होतं. पण गरम लोखंडाला कोण उत्तर देतं?

मी एक सायलेन्सर. आसुआ गावातल्या नेफ्तालीच्या मोटरसायकलचा. दादा म्हणजे तिचं इंजिन. आम्ही एकाच खोक्यातून आलो. आधी तो बसला, मग त्याच्या मागे मी, म्हणून तो थोरला. मी शिकलेला नाही. मला एकच काम येतं. दादाच्या पोटात पेट्रोल पेटलं की धूर आणि धडाका माझ्या अंगावर येतो. तो मी आतल्या पडद्यांवर झेलतो आणि बाहेर नुसतं थुप-थुप सोडतो. दादाचा श्वास मी कधी अडवला नाही. लोक तसं म्हणाले, पण ते खोटं आहे.

नेफ्ताली प्रवासी न्यायचा. चौकातल्या बदामाखाली केशरी बंडी घालून उभा राहायचा. मागच्या सीटवर कधी केळ्यांचा घड घेतलेली बाई, कधी गॅसची टाकी, कधी एकमेकांना चिकटलेली तीन शाळकरी पोरं. दादा सगळ्यांना चढावर न्यायचा. धापा टाकायचा, पण न्यायचा.

दुपारी आम्ही गल्लीच्या तोंडाशी वळलो की नेफ्तालीच्या आईला, ओनेलियाबाईला, कळायचं. गल्लीत गाड्या काय कमी होत्या? पण तिला माझाच आवाज ओळखू यायचा. आम्ही फाटकाशी पोचेपर्यंत ती लोखंडी पातेल्याच्या तळाची खरवड काढायला लागलेली असायची. तो कडक, तांबूस भात म्हणजे नेफ्तालीचा जीव की प्राण. त्यावर राजम्याची आमटी. चमच्याचं ते खर्र-खर्र ऐकलं की मला वाटायचं, चला, पोचलो.

सगळं बिघडवलं विल्टनने. तो नेफ्तालीचा दोस्त, त्याच बदामाखालचा.

"तुझी गाडी म्हणजे चर्चला निघालेली म्हातारी," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आली कधी, गेली कधी, कुत्रंसुद्धा मान वर करत नाही."

पोरं हसली. नेफ्तालीही हसला, पण त्याची मांडी टाकीला घट्ट आवळली गेली. मला ते जाणवलं. दर रविवारी समुद्राकडच्या सरळ रस्त्यावर पोरं गाड्या पळवायची, आणि नेफ्ताली कडेला उभा राहून बघायचा. आता त्याला कडेला उभं राहायचं नव्हतं.

शनिवारी तो चेलो मिस्त्रीकडे नवी नळी घेऊन गेला. चकचकीत, आखूड, आतून मोकळी. पडदा नाही, काही नाही.

"नळी बदलतो," चेलो म्हणाला, "पण हवा जास्त ओढली जाईल. तेवढं पेट्रोल मिळायला कार्बोरेटरचा जेट, पेट्रोल सोडणारं भोक, मोठा लागतो. माझ्याकडे नाहीये. मागवतो. तोवर पिळू नकोस गाडी."

"काका, उद्या रविवार आहे."

"म्हणूनच सांगतोय."

तरी त्याने नळी बसवली. मी अजूनही त्याच्यावर चिडलेला आहे. हात होते ना त्याला? ठेवायचे होते खिशात.

मला घरी आणून अंगणातल्या भिंतीवर तारेने टांगलं. तिथून मी दादाला फक्त ऐकू शकत होतो.

दादाचा आवाज गावभर जायला लागला. वरच्या वेगात गाडी आधीपेक्षा जास्त पळायची, हे खरं. पण चढावर दोन माणसं बसली की दादा ढेपाळायचा. आणि नेफ्तालीने वेग सोडला की नळीतून फटाके फुटायचे. फाट, फाट-फाट. पोरं टाळ्या वाजवायची. "गातेय रे तुझी गाडी!" विल्टन ओरडायचा.

गात नव्हती. खोकत होती. पेट्रोल पुरत नव्हतं, दादा आतून भाजत होता. मी भिंतीवरून ओरडलो असतो, पण माझ्यात ओरडायला श्वास होता कुठे? तो दादाकडून यायचा.

दुपारी आता ओनेलियाबाईचा घोटाळा व्हायचा. सगळ्या गाड्या सारख्याच गरजायच्या. कुणाच्याही गाडीच्या आवाजाला ती पातेल्याचं झाकण काढायची, आणि नेफ्ताली यायचा तेव्हा खरवड गार झालेली असायची. "तू आलास ते कळतच नाही रे हल्ली," ती म्हणायची.

"आई, अख्ख्या आसुआला कळतं."

"मला नाही कळत."

एका संध्याकाळी चेलो मिस्त्री स्वतः अंगणात आला. कागदाच्या पुडीत जेट होता. त्याने दादाचा प्लग काढून उजेडात धरला. पांढराफटक, हाडासारखा.

"बघ. जळतंय आत. दहा मिनिटांचं काम आहे, बस इथे."

नेफ्तालीने प्लग बघितला. मग विचारलं, "जेट टाकला तर फटाके जातील?"

"जातील बहुतेक."

"मग राहू दे, काका. त्यानेच तर ओळखतात मला."

चेलोने त्याच्याकडे बघितलं, पुडी खिशात घातली, प्लग परत बसवला. मी तारेवर थरथरलो. त्यांना वाटलं, वारा आहे.

पुढच्या रविवारी समुद्राकडून दादाचा आवाज चढत गेला. चढत, चढत, किंचाळीपर्यंत. स्वयंपाकघरात ओनेलियाबाई तांदूळ निवडायची थांबली. मी फटाक्यांची वाट बघत होतो. ते मला आवडायचे नाहीत, पण ते वाजले म्हणजे नेफ्तालीने वेग सोडला, तो सुखरूप आहे, एवढं कळायचं.

त्या दिवशी आवाज मधेच तुटला. फटाके आलेच नाहीत.

बऱ्याच वेळाने विल्टन पायी आला. टोपी हातात. "मावशी, चाक जाम झालं," तो म्हणाला. "पळतं चाक दगडासारखं थांबलं. आम्ही त्याला दवाखान्यात..." त्याने टोपी तोंडावर धरली. पुढचं सांगायची गरज नव्हती.

पिस्टन वितळून दादाच्या पोटात चिकटला होता.

अंत्ययात्रेला सगळी पोरं मोकळ्या नळ्यांच्या गाड्या घेऊन आली. फाटकाशी शवपेटीभोवती त्यांनी गाड्या पिळल्या, फटाके फोडले. त्यांची तीच सलामी. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला त्यातली एकेक नळी वाकवावीशी वाटत होती. ओनेलियाबाई कान झाकून चालली.

माणूस गेल्यावर नऊ दिवस घरात चालतात त्या प्रार्थना चालू होत्या, तेव्हा तिने चेलोला बोलावलं. "गाडी चालू कर. जुना आवाज बसव."

"कशाला आता, ओनेलियाबाई?"

"कशाला म्हणून विचारू नकोस."

चेलोने नवा पिस्टन घातला. जेट जुना, मापाचा, तोच ठेवला. प्रार्थनांच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्याने मला भिंतीवरून उतरवलं, पुसलं आणि दादाच्या मागे कसलं. दादा गार होता. त्याच्या अंगावर एका बाजूने खरचटल्याच्या लांब रेघा होत्या.

चेलोने किक मारली. एकदा. पुन्हा. दादाने श्वास घेतला आणि तो माझ्या अंगावर आला. मी झेलला. थुप-थुप-थुप.

प्रार्थनेला आलेल्या बायका गप्प झाल्या. आत स्वयंपाकघरात झाकण निघालं. मग चमचा पातेल्याच्या तळावर फिरला. खर्र. खर्र.

मग तोही थांबला.

चेलोने चावीकडे हात नेला. आतून ती म्हणाली, "राहू दे. चालू राहू दे."

मी दादाचा एकेक श्वास धरत गेलो, हळू बाहेर सोडत गेलो, टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत.