पुढचं पान

मामांनी पियानोवरच्या नोटेशनच्या पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरला आणि ताईंच्या हनुवटीकडे डोळे लावून ते उभे राहिले. हनुवटी खाली गेली की पान उलटायचं, एवढंच त्यांचं काम. ताईंची बोटं पानाच्या शेवटच्या ओळीवर आली. हनुवटी हलली नाही. ओळ संपली, आणि ताईंनी शांतपणे तेच पान वरून पुन्हा वाजवायला घेतलं.

ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नाही. या इंग्रज रचनाकाराने त्या पानाचा शेवट त्याच्याच सुरुवातीला असा काही भिडवला होता, की सांधा दिसू नये. कोपऱ्यात बसलेले चष्मेवाले गृहस्थ डोळे मिटून डोलत होते. भूमितीच्या बाई हातातला रुमाल एका बोटाला गुंडाळत होत्या. दारात उभी असलेली भाची, ताईंची मुलगी, मात्र डोलत नव्हती. तिच्या हातात मोजपट्टी होती.

दर रविवारी दुपारी ताईंच्या या पुढच्या खोलीत इंग्रज पियानो ऐकायला माणसं जमत. गावात यावर टिंगल चाले. ऐकायचं तर जर्मनांचं ऐकावं, इंग्रजांकडे काय आहे? ताईंच्या शिक्षिकेने मरताना त्यांना कपाटभर नोटेशनची पुस्तकं दिली होती आणि ती सगळी इंग्रजांचीच होती, त्यामुळे ताईंपुढे निवडीचा प्रश्नच आला नाही. त्या म्हणायच्या, "या माणसाला रडायचंय, पण समोर पाहुणे बसलेत. म्हणून तो खिडकीबाहेर बघतो आणि हवेविषयी बोलतो. तुम्ही ती हवा ऐका." मग त्या वाजवायच्या. डावा हात ओल्या गवतातून चालल्यासारखा, उजवा बोलता बोलता मध्येच थांबणारा. आणि चष्मेवाल्यांसारखा रोखठोक माणूससुद्धा हळूच खिडकीकडे बघायचा.

मामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. त्यांच्या थापा इतक्या रुंद, की दारातून आत येताना त्यांना आडवं व्हावं लागे. अमुक रचनाकार एवढा सभ्य होता, की चुकीचा सूर लागला तर उठून पियानोची माफी मागायचा. तमुक एकाने गाय पाळली होती. ती सुरात हंबरेपर्यंत तो लिहायला बसत नसे. आणि स्वतः मामांना नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचता येतं, ही तर सर्वांत जुनी थाप. खरं म्हणजे त्या पानांवर त्यांना सांडलेले मिरीचे दाणे दिसत. ताईंची हनुवटी हे त्यांचं सगळं संगीतशिक्षण.

सकाळी भाचीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं होतं.

"मामा, खरं सांग. आई नीट वाजवते अजून?"

"नीट? परवा वाजवत होती तर समोरच्या झाडावर पक्षी रांगेत बसले, तिकिटं काढून."

"मामा."

"वाजवते गं. मी असतो ना शेजारी. पानं कोण उलटतं?"

"काल तिने गॅस तसाच चालू ठेवला. मला विचारलं, चहा झाला का. तो पीतच होती." भाचीने मोजपट्टी खिशातून काढली आणि परत खिशात घातली. "आज मी ऐकणार आहे. तो लांबलचक इंग्रज शेवटपर्यंत वाजवला, तर आईही इथे आणि पियानोही इथे. नाहीतर पियानो या दारातून बाहेर निघतो का ते मोजते आणि तिला घेऊन जाते. माझ्या घरात पियानो मावत नाही, तुला माहितीये."

"शेवटपर्यंत? अगं, शेवट झाल्यावर थांबवावं लागतं तिला!" मामा म्हणाले होते.

आता ते पान तिसऱ्यांदा चालू झालं होतं. मधेच उलटावं, तर ओळ कुठे तुटेल कोण जाणे. मामांच्या चिमटीतला कोपरा ओला झाला.

"आज फारच घोळवतोय तुमचा इंग्रज," चष्मेवाले डोळे न उघडता म्हणाले.

"वळसा आहे तो," मामा म्हणाले. "तिकडे धुकं फार. माणूस घरी निघाला की तीन वेळा आपल्याच फाटकाशी येतो."

भूमितीच्या बाई हसल्या. भाची हसली नाही. मामा वाकले आणि ताईंच्या कानाशी कुजबुजले, "ताई, मान हलव ना. कधी उलटू?"

"मला काय विचारतोस?" ताईही वाजवता वाजवता तितक्याच हळू बोलल्या. "तुझी बोटं आवळली, की मला कळतं पान संपलं. मग मी मान हलवते. आज तू आवळतच नाहीयेस."

मामांनी आपल्या बोटांकडे बघितलं. किती रविवार झाले असतील असे? ते हनुवटीकडे बघत होते आणि हनुवटी त्यांच्या बोटांकडे. आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारावा, दोघांनी ठामपणे हात दाखवावेत, आणि घर मात्र रोज सापडावं, असला हा प्रकार. असली थाप खुद्द मामांनीही मारली नसती.

त्यांनी मान वर केली आणि दाराकडे बघितलं. लहानपणी याच पियानोवर ताईंनी भाचीच्या बोटांवर पट्टी मारून तिला नोटेशन शिकवलं होतं. मामा चिमटीतला कोपरा थोडा वर उचलून, भुवया उंचावून बघत राहिले. आपल्याला वाचता येत नाही आणि ताईलाही आता पान संपल्याचं कळत नाही, हे दोन्ही त्या एका बघण्यात सांगून झालं.

भाचीने ओठ मिटले. मोजपट्टी मुठीत गच्च धरली. ताई शेवटच्या ओळीवर आल्या, आणि दारातली हनुवटी खाली गेली.

मामांनी पान उलटलं.

मग सगळं सुरळीत झालं. प्रत्येक पानाच्या तळाशी मामा दाराकडे बघत, दारातली मान हले आणि ताई पुढे जात. नव्या पानावर तो इंग्रज पावसाविषयी बोलला, मग एका जुन्या रस्त्याविषयी, आणि अगदी शेवटी, त्याचे पाहुणे टोप्या शोधत असताना, त्याला जे म्हणायचं होतं ते चार सुरांत म्हणून गप्प झाला. भूमितीच्या बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. भाचीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"शेवटपर्यंत वाजवला," मामा तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

"हो, मामा," भाची भिंतीकडे बघतच म्हणाली.

चष्मेवाल्यांनी टाळीसाठी हात उचलले. पण ताईंचे हात पट्ट्यांवरून उठलेच नव्हते. त्या मामांच्या चिमटीकडे बघत होत्या. सवयीने त्यात अजून कोपरा होता; शेवटच्या पानाचा. त्यामागे नुसता पुठ्ठा.

"उलट की रे," ताई म्हणाल्या.

मामांनी दाराकडे बघितलं. भाचीने वळून पियानोकडे पाहिलं, मग हातातल्या मोजपट्टीकडे. तिची हनुवटी जागची हलली नाही. चष्मेवाल्यांनी उचललेले हात सावकाश गुडघ्यांवर ठेवले.

मामांनी कोपरा अलगद सोडला.

"पुढचं पान अजून छापखान्यात आहे, ताई," ते म्हणाले. "इंग्रजाचं काम. जरा सावकाश येईल."

ताईंना ते पटलं.

"मग थांबते," त्या म्हणाल्या, आणि बोटं पट्ट्यांवर तशीच ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या.