ताबा

"अजून किती वाट बघायची, मॅडम?" अजितने पुन्हा विचारलं.

"येतील. म्हाताऱ्या बाईला कळसहून यायचंय," राजनंदिनी म्हणाली. पण तिचा स्वतःचाच त्यावर भरवसा नव्हता.

बारामतीत मोहनराव वकिलांच्या ऑफिसात ती सहायक होती. अर्ज टाइप करणं, पक्षकारांना तारखा कळवणं हे तिचं काम. लेकराचा ताबा देण्याघेण्याचं काम तिच्या अंगावर कधी आलं नव्हतं. साहेब तातडीने पुण्याला गेले होते. जाताना म्हणाले, "आजी आली नाही तर लगेच फोन कर. पोलीस घेऊन जाऊ."

अजितची बायको बाळंतपणात गेली. तेव्हापासून छकुली आईच्या आईकडे, द्वारकाबाईंकडे वाढली. आता अजितचं दुसरं लग्न झालं होतं, चाकणला घर झालं होतं, आणि कोर्टाने मुलगी त्याच्याकडे द्यायला सांगितली होती. 'आजीस वयोमानामुळे सांभाळ करणे शक्य नाही,' हे अजितच्या अर्जातलं वाक्य राजनंदिनीनेच टाइप केलं होतं.

द्वारकाबाईंचा फोन लागत नव्हता. राजनंदिनीच्या मनात विहीर आली, फवारणीच्या औषधाची बाटली आली. ती उठलीच.

"मी खाली बघून येते."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर द्वारकाबाई बसल्या होत्या. त्यांना टेकून छकुली पेरू खात होती.

"आजी, कवाच्या बसलाय? वर का न्हाय आलात?"

"पयल्या गाडीनं आले." त्यांनी आवाज खाली आणला. "तिला सांगितलं न्हाय अजून. दवाखान्यात जायचं म्हून आणलीय. तोंडच उघडंना माजं."

राजनंदिनीने साहेबांचा नंबर काढला, आणि फोन तसाच पर्समध्ये टाकला. वर जाऊन ती अजितला म्हणाली, "खाली चला. पण लगेच उचलू नका तिला. जरा शेजारी बसा."

तो येऊन पायरीवर बसला. छकुली आजीच्या पदराआड सरकली.

"गोड हाय का पेरू?"

तिने मान हलवली.

"ह्यो तुजा बाप," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता ह्याच्याकडं ऱ्हायचं. मोठी शाळा हाय तितं."

"आन् तू?"

द्वारकाबाईंनी तिचं तोंड पदराने पुसलं.

"सुट्टीला आणीन, मामी," अजित खाली बघत म्हणाला.

"आण. डावा कान वाहतो तिचा. न्हाताना कापूस घालाय सांग."

कुणाला सांग, ते त्या बोलल्या नाहीत. अजितने मान डोलावली.

राजनंदिनीने ताब्याचा कागद पुढे केला. द्वारकाबाईंनी तो गुडघ्यावर ठेवून, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नावाची सही केली.

अजितने छकुलीला गाडीत बसवलं. गाडी सुरू झाली तेव्हा आजी येत नाही हे तिला कळलं. काचेवर तळवे आपटत ती ओरडत होती. गाडी वळली आणि आवाज थांबला.

राजनंदिनीचा फोन वाजू लागला. साहेब असणार.

द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "कळसची यष्टी कुठं लागती, बाई?"

वर्षभर तारखांना येणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं, असं नाही.

"चला, दावते," राजनंदिनी म्हणाली. फोन वाजत राहिला. म्हातारीच्या चालीने चालत ती स्टँडकडे निघाली.