बिनचटणीची कोंबडी

“सयाजी, चटणी घालायची इसरलास,” झाकण उचलून पातेल्यात डोकावत शेजारचा कृष्णात म्हणाला.

“इसरलो न्हाय. घालणारच न्हाय.”

मयताच्या तोंडावर चादर परत ओढावी तसं कृष्णातनं झाकण खाली ठेवलं. कोल्हापुरात लाल तिखटाला चटणी म्हणतात. तिच्याशिवाय कोंबडी शिजवणाऱ्याला काय म्हणतात, हे ठरवायची वेळ गावावर आजवर आलेली नव्हती. आणि आणली कुणी, तर सयाजीरावांनी! ज्यांच्या रश्श्यावर गल्लीतली कैक जावळं आणि दोन-तीन निवडणुका पार पडल्या होत्या.

“आणि हे काय? मनुके?”

“मनुके.”

“कोंबडीचं लगीन हाय व्हय आज?”

“मोरोक्कोत घालत्यात.”

“मग पावण्यास्नी तिकडंच न्हे की जेवाय.”

पाहुणा म्हणजे सयाजीरावांचा मेव्हणा पिराजी. तो गगनबावड्याहून बहिणीला बघायला निघाला होता. झुंबरबाईंना पोटाच्या अल्सरनं दवाखान्यात ठेवलं होतं, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी तिखट कायमचं बंद केलं होतं. तांबडा रस्सा गेला. त्यातल्या मिरीवर डॉक्टरांचा भरवसा नसल्यामुळं पांढराही गेला. उरला मऊभात.

सयाजीराव म्हणाले होते, मीपण तिखट सोडतो. त्यावर बाई कडाडल्या, “माझ्यापायी तुमी कशाला आजारी पडताय?” त्या नवऱ्याला झणझणीत करून वाढायच्या आणि आपली वाटी घेऊन आत, भिंतीकडं तोंड करून बसायच्या. दोन घास त्यांचे, बाकीचे कावळ्याचे. कावळा बाळसं धरत होता आणि बाई दोरीवरच्या लुगड्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. असंच चाललं तर परत भरती करून सलाईन लावू, असं डॉक्टर परवाच म्हणाले होते. आता भाऊ येणार म्हटल्यावर त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, “तुमी जेवा पंगतीत. माझं आजाऱ्याचं ताट पावण्याम्होरं कशाला मिरवू?”

अशात सयाजीरावांना मोबाईलवरच्या व्हिडिओत मोरोक्कोतली एक मावशी सापडली. कोंबडी, हरभरे आणि सात भाज्या घातलेला रस्सा, वर चाळणीत वाफवलेला रवा. ती बोलत होती त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मिरचीला तिनं हात लावला नाही, एवढं कळलं. मग तिनं पातेलं आणि चाळण यांच्या सांध्यावर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळली, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. सयाजीराव उठून बसले. त्यांची उमर साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. ही बाई आपल्याच खात्यातली, अशी त्यांची खात्री पटली.

आता ते रवा परातीत उतरवत होते, तुपाच्या हातानं चोळत होते आणि परत चाळणीत चढवत होते. खाली कांदा, सुंठ, हळद, दालचिनी आणि कोथिंबिरीच्या जुडीत कोंबडी मऊ होत होती. गाजर, नवलकोल, कोबी आधी गेले होते. डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या फोडी शेवटी घालायच्या होत्या, नाहीतर त्यांचं पिठलं झालं असतं.

“आत काय चाललंय?” बाहेरच्या खोलीतून झुंबरबाईंचा आवाज आला. “दालचिनीचा वास कशाचा? बासुंदी करताय काय?”

“कोंबडी हाय.”

बाहेर बाई खाटेवर उठून बसल्याची कुरकुर झाली.

पिराजी बिस्किटपुडा घेऊन आला. आजारी माणसासमोर बसून, याच दुखण्यानं गेलेल्या लोकांची नावं त्यानं रीतसर सांगितली. मग तो पंगतीला बसला आणि ताट शोधू लागला.

ताटं नव्हतीच. मधोमध एकच परात होती. तिच्यात रव्याचा ढीग, ढिगावर कोंबडी, भोवती भाज्या, आणि वरून पिवळाधमक रस्सा.

“मोरोक्कोत येगळं ताट मिळत न्हाय,” सयाजीराव म्हणाले. “समद्यांनी एकाच परातीत जेवायचं. आणि घरची बाई बसल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय.”

यातला शेवटचा नियम मोरोक्कोत कुणाला ठाऊक असेलसं वाटत नाही. सयाजीरावांनी तो पातेलं उतरवता उतरवता केला होता.

“आक्का, ये की गं,” पिराजी ओरडला. “सकाळच्या एस्टीनं निघालोय, नुसत्या च्यावर हाय.”

भाऊ उपाशी म्हटल्यावर झुंबरबाई उठल्या. भिंतीला धरत आल्या आणि परातीच्या एका बाजूला टेकल्या.

पिराजीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून वाट बघितली. काहीच पेटलं नाही. मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, कांदा-लसूण चटणीची, आणि परातीवर धरली. कृष्णातचा चेहरा उजळला.

झुंबरबाईंनी भावाचं मनगट धरलं.

“माझ्याच कोपऱ्यात घालतोय गं आक्का.”

“रस्सा काय तुझ्या कोपऱ्यात थांबतोय व्हय? ठेव ती पुडी. आज तुमी समदी माझ्यासारखं जेवा.”

पुडी खिशात गेली. बाईंनी पहिला घास घेतला, चावला आणि गिळला. सयाजीराव डांगराकडं बघत राहिले.

“मीठ कमी हाय,” बाई म्हणाल्या.

सयाजीराव मीठ आणायला उठले ते भर सभेत सत्काराला उठावं तसे. परत आले तेव्हा बाईंच्या हातात तंगडी होती. त्या घरातली तंगडी आजवर पाहुण्याकडंच गेली होती, बाईंच्या वाट्याला कायम मान. पाहुणा गुपचूप नवलकोल चावत होता.

कृष्णातनं चौथ्यांदा आपली बाजू साफ केली. “वंगाळ न्हाय,” तो म्हणाला. “फकस्त ह्याला कोंबडी म्हनू नका.”

सगळ्यांचं झालं. बाईंचं झालं नव्हतं. त्यांनी परात आपल्याकडं ओढली, कडेचा रवा बोटांनी गोळा केला, मनुका वेचला, हाड उलटं करून पाहिलं. पंगतीत शेवटच्याचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नसतं. हा नियम मात्र कोल्हापूरचाच. आजवर त्या घरात वाढणारी कधी पंगतीत बसलीच नव्हती, म्हणून तो तिच्या बाजूनं कधी वापरला गेला नव्हता एवढंच.

तिघं बाप्ये खरकटे हात वाळवत, मांड्या घालून बसून राहिले. बाई सावकाश जेवत होत्या.