जमनीच्या भिंतीतले कोळी

तीर्थ भिंतीला लागलं आणि दहा आकडे म्हणायच्या आत कोळी बाहेर पडले. आधी एक, मग तीन, मग मोजायची सोयच उरली नाही. त्यांच्यामागून झुरळं, मग वीतभर गोम, आणि शेवटी नांगी उगारलेला एक काळा विंचू. घाटंजीपासून चार कोसांवरचा तो अख्खा तांडा जमनीच्या अंगणात दाटला होता. बायकांनी पोरांना उचलून कडेवर घेतलं.

"देखा?" बाबुलाल महाराज गरजले. त्यांच्या डाव्या हातात लोभानाचं धुपाटणं होतं, उजव्या हातात तांब्याचा कमंडलू. "बीस घर फिरलो! वीस भिंतींवर हेच तीर्थ टाकलं. एक मुंगी तरी निघाली? मग इथंच काहून निघाली? कारण पाठवणारी इथं राह्यते! कोळी तिचे शिपाई, झुरळं तिचे हवालदार, आन् हा विंचू..."

विंचू नेमका त्यांच्याच पायाकडे निघाला होता. महाराजांनी टुणकन उडी मारली आणि वाक्य पुरं केलं, "...हा तिचा ठाणेदार!"

भुताखेतांना मुठीत ठेवणारा सिद्धपुरुष विंचवाला भितो, ही गोष्ट दीडशे माणसांपैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. बासष्ट साल होतं, पोळा होऊन आठ दिवस झाले होते, आणि तांड्याला डाकण सापडली होती.

सगळ्यांच्या पुढे हंसाबाई उभी होती. तिच्या कडेवर दोन वर्षांची धानी होती. आठवड्यापूर्वी पोरगी सकाळी उठली ती गालापासून पापणीपर्यंत लाल फोडांची रेघ घेऊनच. बायका म्हणाल्या, झोपेत कोळी मुतला. महाराज म्हणाले, मुतला नाही, मुतवला. त्यांनी पापणीच्या आत-बाहेर भस्म भरलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी रात्रंदिवस किंचाळत होती आणि डोळ्यातून पू वाहत होता. "करणी जबर आहे," महाराज म्हणाले. "पाठवणारी शोधावी लागंल."

आणि ती जमनी निघाली. पन्नाशीची, एकटी, विधवा. उन्हाळ्यात महाराजांनी घरोघरी ताईत बांधले होते. दाराला ताईत असला की घरात किडामुंगी फिरकणार नाही, असा त्यांचा शब्द होता. महिन्याभराने जमनीने आपला ताईत भर तांड्यात आणून त्यांच्यासमोर धरला होता. "महाराज, तुमच्या ताईतातच मुंग्यायनं अंडी घातली पाहा!" तेव्हा सगळा तांडा हसला होता. हंसाबाईसुद्धा हसली होती. महाराज मात्र हसले नव्हते.

"डाकणीचा मंतर दातात राह्यते," आता ते म्हणाले. "दात पाडा, मंतर मेला. पोट्टी चांगली होईल."

लोकांनी तांड्याच्या नाईकाकडे, डोंगरसिंगाकडे पाहिलं. नाईकाने मान खाली घातली. तेवढी परवानगी पुरली.

हंसाबाईचा नवरा फुलचंद दगड शोधायला वाकला. हंसाबाईने धानीला सासूकडे दिलं, जमनीला जमिनीवर पाडलं आणि तिच्या केसांत दोन्ही हात घालून डोकं घट्ट धरलं.

"हंसे," जमनी धापा टाकत म्हणाली, "धानीची नाळ म्या कापली वं. तुह्या पोट्टीचं वाईट म्या कायले करू?"

हंसाबाईने पकड आणखी आवळली. फुलचंदने तीनदा दगड मारला. समोरचे चार दात पडले. रक्त हंसाबाईच्या मनगटापर्यंत आलं, आणि तिला बरं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

त्या दिवशीही धानी किंचाळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवी टोचायला घाटंजीच्या दवाखान्यातल्या नर्स कुंदाबाई आल्या. धानीची पापणी उचलून त्यांनी पाहिलं. बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालं होतं.

"यात काय घातलं?"

"महाराजाचं भस्म, बाई."

हंसाबाईने दिलेल्या पुडीतली चिमूट कुंदाबाईंनी ओल्या बोटांत चोळली. "हा चुना आहे. हंसाबाई, हा डोळा गेला."

"पण कोळी मुतला होता ना बाई? डाकणीनं..."

"कोळी असा मुतत नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती एक लांबट, तांबडा-काळा किडा फिरतो. झोपेत तो अंगाखाली चिरडला की त्याच्या रसाने अशी फोडांची रेघ उठते. साबणाच्या पाण्याने धुतलं असतं तर आठ-दहा दिवसांत खपली पडून गेली असती. किड्याने गाल भाजला. डोळा चुन्याने घालवला."

हंसाबाईने जमनीच्या घराकडे बोट केलं. "मंग ते भिंत, बाई? म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. कोळी निघत होते."

"दाखव मला ती भिंत."

जमनी खाटेवर पडली होती, तोंड सुजून भोपळा झालेलं. कुंदाबाईंनी आधी तिच्या जखमा धुतल्या, औषध लावलं. मग त्या भिंतीजवळ गेल्या आणि ओलसर डागाला नाक लावलं. हंसाबाईनेही लावलं. काल लोभानाच्या धुरात जो वास कुणाला आला नव्हता, तो आता स्वच्छ येत होता. घासलेट!

बाबुलाल महाराज नाईकाच्या ओट्यावर शिरा खात बसले होते. कुंदाबाईंनी कमंडलू मागितला.

"छूना मत! बाईचा हात लागला तर तीर्थाचं जहर होईल!"

कुंदाबाई काही म्हणायच्या आत हंसाबाईने तो हिसकावून घेतला. "तुमच्या भस्मानं माह्या पोट्टीचा डोळा गेला," ती म्हणाली. "आता जहर पाहू दे."

लोक गोळा झाले. कमंडलूचं वरचं तोंड मेणाने गच्च बंद होतं. मुठीच्या खाली दोन बारीक भोकं होती. कुंदाबाईंनी एका भोकावर अंगठा दाबून तोटी वाकवली, पाणी पडलं. दुसऱ्यावर दाबला, घासलेट पडलं. मग चाकूने मेण काढून त्यांनी आतली पत्र्याची आडभिंत सगळ्यांना दाखवली.

"दोन कप्पे. ज्याच्या भोकावर अंगठा, त्यात हवा शिरत नाही, म्हणून ते सांडत नाही. वीस घरी याने पाणी टाकलं. जमनीच्या घरी अंगठा सरकवला."

"पण किडे तर तिच्याच घरात होते ना!" कुणीतरी मागून म्हणालं.

कुंदाबाईंनी उरलेलं घासलेट नाईकाच्याच भिंतीच्या भेगेत ओतलं. ढेकूण निघाले, झुरळं निघाली, आणि अंडी पोटाशी धरलेला एक मोठा कोळी निघून डोंगरसिंगाच्या पागोट्यावर चढला.

"नाईक," कुंदाबाईंनी विचारलं, "आता तुमचे दात कोण पाडणार?"

डोंगरसिंगाने पागोटं काढून फेकलं. फुलचंदने मात्र दगड उचलला, त्याच्यामागे आणखी दहा जणांनी. महाराज ओट्यावरून उडी टाकून पळाले, गोठ्यापाशी पकडले गेले आणि पाया पडायला लागले.

"ठेवा ते दगड!" कुंदाबाई कडाडल्या. "काल याच हातांनी तिला मारलं, आज याला माराल. काल विचार केला नाही, आज तरी करा. याला ठाण्यात न्या, आणि काल कोणी काय केलं तेही तिथे सांगा."

दगड खाली पडले. फुलचंदचा सगळ्यांत शेवटी.

बैलगाडी जुंपली. ती निघण्याआधी हंसाबाई धानीला घेऊन जमनीच्या दारात गेली. जमनीने सुजल्या ओठांतून कसेबसे शब्द काढले, "दवाखान्यात ने तिले. दुसरा डोळा तरी वाचव." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. पुढे सतरा वर्षं जगली, तरी कधी म्हणाली नाही.

मातीच्या भिंतीला भेगा पडतात आणि भेगांत किडे राहतात. ते कोणाच्याही घरात राहतात, भल्याच्या आणि बुऱ्याच्याही. भेगा लिंपा, अंथरूण उन्हात टाका, दिव्यापासून दूर निजा, अंगावर फोड आला तर धुवा आणि दवाखाना गाठा. आणि कोणी तुमच्यासमोर चमत्कार केला, तर हात जोडण्याआधी आणि दगड उचलण्याआधी त्याच्या हातातलं भांडं मागून घ्या. धानीच्या आईला हे सांगायला कोणी नव्हतं. तुम्हाला आता सांगितलं आहे.