कुबानच्या बहिणीचा दवाखाना

ओमुरची अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय! सरावात डावा खांदा निखळला, तो बसवून घ्यायला गेला कोणाकडे, तर बुरुल डॉक्टरीणबाईंकडे. खोऱ्यात दुसरा दवाखाना नाही, हे कबूल. पण बुरुल म्हणजे कुबानची सख्खी थोरली बहीण, आणि नौरुजच्या सणाला ओमुरच्या गावाविरुद्ध कोक-बोरू खेळणार होता तो कुबानचाच संघ.

कोक-बोरूत धावत्या घोड्यावरून वाकून बोकडाचं धड उचलायचं आणि नेऊन समोरच्यांच्या गोलात टाकायचं. उचलायचं उजव्या हातानं, आणि सगळा भार तोलायचा डाव्यावर. तो डावा कोणी हिसडला, की ओमुर घोड्यांच्या टापांखाली.

"एजे, कुबानला यातलं काही..." खांदा बसल्यावर तो चाचरत म्हणाला. सगळं खोरं तिला एजे, म्हणजे ताईच म्हणे.

"खेळू नकोस म्हणते, ते ऐकायचं नाही आणि वर मलाच शिकवतोस?" बुरुल कडाडली. "पेशंटचं दुखणं बाहेर सांगायला कायद्यानं बंदी आहे मला. नवऱ्याला नाही की भावाला नाही. नीघ आता!"

कायदा म्हणे! तो राहतो तिकडे राजधानीत, बिश्केकला. इथे कुणाकडे मेंढी कापली, तर वास सुटायच्या आधी बातमी सुटते. ओमुरला बापड्याला झोप लागेना.

नौरुजला तो मैदानात उतरला. समोरच बुरुल बसली होती, आणि डॉक्टरपणा घरी ठेवून भावासाठी बोंबलत होती. "कुबान, धर त्याला! सोडू नकोस मेल्याला!"

झालं, सांगितलंय हिनं, ओमुरला वाटलं. तो धडासाठी वाकला, तसा कुबान घोडा घेऊन अंगावर आला. आला तो उजवीकडून, आणि धडाचा पाय धरून ओढू लागला. डाव्या खांद्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटचा गोल ओमुरनंच केला आणि त्याचं गाव जिंकलं.

खेळ संपल्यावर कुबान हसत आला. "जिंकलास लेका!" म्हणत त्यानं ओमुरच्या डाव्या खांद्यावर सणसणीत थाप हाणली.

"आई गं!" ओमुर जागच्या जागी खाली बसला.

कुबान आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग वळून बहिणीकडे. "एजे, याचा खांदा दुखावलाय! तुला ठाऊक होतं?"

"मी मॅच बघायला आलेय," बुरुल म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता.

बाई अजूनही सांगत नव्हती! ओमुरचा जीव भांड्यात पडला, दुखत असूनही त्याला हसू फुटलं.

"तिला नको विचारूस, मला विचार," तो म्हणाला. "तिनंच बसवला माझा खांदा."

"म्हणजे तुझ्यामुळे हरलो मी, एजे!"

"मग? मला काय आनंद झाला होय रे हरलास म्हणून?" बुरुलचे डोळे भरून आले होते. ते तसेच ठेवून ती ओमुरपाशी बसली आणि त्याचा खांदा चाचपू लागली.