फक्त आतून लागणारा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. मित्रांनो, दरवाजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्या घराचा दरवाजा आला असेल. बाजूला घंटी, वर नावाची पाटी, बाहेर चपलांचा ढीग. मी त्यातला नव्हे. मी एका इमारतीच्या तळघराला बसवलेला आहे. माझ्या दोन जाड पत्र्यांमध्ये काँक्रीट भरले आहे, कडेने रबराची पट्टी आहे आणि मला बंद करायचे चाक फक्त आतल्या बाजूला आहे. बाहेरून मला साधी मूठसुद्धा नाही. का नाही, ते सांगायलाच आज मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म झाला तेव्हा जगातले दोन दांडगे देश एकमेकांवर डोळे वटारून बसले होते. दोघांकडे अणुबॉम्ब होते. एकाने एक केला की दुसऱ्याने दोन केलेच म्हणून समजा! आमचा देश लहान. त्याचे त्या भांडणाशी काही घेणेदेणे नव्हते, पण बसला होता नेमका दोघांच्या मध्ये. मग हुकूम निघाला, की प्रत्येक नव्या इमारतीखाली एक पक्के तळघर हवे. बॉम्ब पडायची वेळ आली की माणसांनी तिथे लपायचे आणि विषारी हवा आत येऊ नये म्हणून दरवाजा घट्ट लावून घ्यायचा. मला जोडणारा वेल्डर कामाला चोख होता. शेवटचा सांधा झाल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बाबा रे, तुझ्यावर कधी वेळ न येवो." मला असा राग आला! जन्मल्या जन्मल्या कोणी असे बोलते का?

इमारतीचे रखवालदार मात्र माझ्यावर खूश होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते माझ्या बिजागऱ्यांना नेमाने तेल द्यायचे आणि रहिवाशांना बोलावून दाखवायचे, "एका बोटाने हलतो बघा!" मीही मोठ्या ऐटीत हलायचो. पण बघायला आलेली माणसे हसत नसत. बायका लेकरांना पोटाशी धरायच्या आणि मुकाट्याने जिना चढायच्या. मला वाटायचे, काय ही माणसे, जरा कौतुक करायला यांचे काय जाते?

पुढे काय झाले कोण जाणे, त्या दोन दांडग्यांनी हात मिळवले. काकांचे तेल बंद झाले. कोणीतरी माझ्याखाली एक वीट सरकवली आणि मी कायमचा उघडा राहिलो. आत सायकली आल्या, मोडका पाळणा आला, रंगाचे रिकामे डबे आले. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना घरात जागा पुरेना, म्हणून त्यांनी आपले मशीन खाली आणले. त्यांचा नवरा बोटीवर नोकरीला. घरात त्या, त्यांची सासू आणि एक मुलगी. ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ! म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत.

दर वाढदिवसाला आजी भिंगरीला माझ्या आतल्या अंगाला पाठ लावून उभे करायची आणि कापडावर खुणा करायच्या खडूने तिच्या डोक्याशी रेघ मारायची.

"टाचा खाली, लबाड कुठली!"

"नाही गं आजी, मी खरंच वाढलेय!"

"वाढली आहेस, पण जिभेने."

माझ्या बिजागऱ्या गंजल्या, रबराला भेगा पडल्या, पाठीवर कोळ्यांनी बिऱ्हाड थाटले. दुर्लक्ष झाले म्हणून रडणाऱ्या वस्तू तुम्हाला ठाऊक असतील. मी मात्र सांगतो मित्रांनो, माझी सुखाची वर्षे तीच. वेल्डर काय म्हणाला होता, ते मला तेव्हा कळले.

मग बाईंच्या मशीनशेजारचा रेडिओ पुन्हा तेच बोलू लागला. दांडग्यांनी आपसातले करार मोडले, क्षेपणास्त्रे सरसावली. बातम्या लागल्या की बाईंचा पाय मशीनवर थांबायचा. आणि एके दिवशी म्हातारे झालेले काका तेलाचा डबा घेऊन आले. वीट गेली, सायकली गेल्या, मशीन वर गेले. मला नवे रबर बसवले आणि आतून-बाहेरून करडा रंग फासायला घेतला.

"काका, तेवढ्या रेघा राहू द्या ना!" भिंगरी रडकुंडीला आली.

"वरून हुकूम आहे बाळा, काहीच ठेवायचं नाही."

"असू दे गं," आजी म्हणाली, "वाढदिवसाला नवी काढू." तोवर आजीचे गुडघे पार गेले होते. त्या दिवशी ती केवळ रेघांसाठी खाली आली होती, तीही सुनेच्या खांद्याला धरून.

लवकरच सरावाचा दिवस ठरला. पहिला भोंगा झाला की सगळ्यांनी खाली यायचे. दुसरा झाला की काकांनी मला लावायचे आणि सुटकेचा भोंगा होईपर्यंत कोणासाठीही उघडायचे नाही. माणसे गप्पा मारत, जांभया देत आली. बाईंनी भिंगरीला आत उभे केले. "इथेच थांब हं, मी आजीला घेऊन आलेच," म्हणाल्या आणि धावत वर गेल्या.

दुसरा भोंगा झाला. जिन्यावर पावले वाजत होती, दोन घाईची आणि दोन फरफटत येणारी.

"काका, थांबा की जरा," कोणीतरी म्हणाले.

"आज थांबलात, तर त्या दिवशीही थांबाल," दुसरा म्हणाला.

काकांनी एकदा जिन्याकडे पाहिले आणि मला ओढले. मी एका बोटाने हललो. मित्रांनो, त्या क्षणी मला माझा सगळा गंज परत हवा होता. कुरकुरायचे होते, अडकायचे होते, चाक फिरूच द्यायचे नव्हते. पण माझी निगा फार चांगली राखली होती.

आतून भिंगरी मला मुठी मारत होती, "आई! आई!" बाहेरून बाई तळहात आपटत होत्या, "भिंगरे, मी इथेच आहे गं!" माझ्यातून आवाज पलीकडे जात नाही. दोघींचे मी एकट्याने ऐकले. दोघी एकाच ठिकाणी हात मारत होत्या, जिथे त्या रेघा होत्या तिथेच.

सुटकेचा भोंगा झाला. काकांनी चाक फिरवून मला उघडले. "वहिनी, माझा नाइलाज होता हो." बाई त्यांना ओलांडून भिंगरीकडे धावल्या. आजी शेवटच्या पायरीवर धापा टाकत बसली होती. सराव झकास झाला, असे म्हणत लोक वर गेले. भिंगरी आईच्या कमरेला घट्ट चिकटली होती. हुंदके थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, खरंखुरं होईल ना, तेव्हा आजीला आणायला जाऊ नकोस हं."

बाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण आजीने ऐकले होते.

"बरोबर बोलतेय पोर," आजी म्हणाली. तिने भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी वरच बरी. तुम्ही दोघी वेळेवर खाली या म्हणजे झालं."

बॉम्ब कुठेही पडला नव्हता. युद्ध सुरूही झाले नव्हते. तरी एका लहान मुलीने आपली आजी सोडून दिली होती आणि आजीने तिला त्याची परवानगी दिली होती. भिंगरीचा वाढदिवस येऊन गेला. रेघ मारायला खाली कोणीच आले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी म्हणायचे असते, की माझी काळजी घ्या. मी तुमच्यापुढे हात जोडतो, माझी काळजी घेऊ नका. माझे रबर कुजू द्या. माझ्याखाली वीट सरकवा, तुमच्या सायकली आत आणा, ते मशीन खाली आणा. मला गंजू द्या रे!

पण माझे ऐकणार कोण? जिन्यावर पावले वाजत आहेत. काका येत आहेत, हातात तेलाचा डबा घेऊन.