मागच्या सीटवरचा पहिला नवरा

माझ्या धाकट्या बहिणीने दुसरं लग्न केलं, त्याच वर्षी तिच्या नव्या नवऱ्याने जुनी गाडी घेतली. लग्न मार्चात, गाडी जूनमध्ये. आणि ऑगस्टात तिच्या दारासमोर शंभरेक माणसं जमली होती, कारण फुंकरबाबा त्या गाडीतलं भूत काढणार होता.

भूत कोणाचं, तेही बाबाने आधीच सांगून टाकलं होतं. बहिणीच्या पहिल्या नवऱ्याचं. तो बिचारा काविळीने गेला. जिवंतपणी त्याने कुणाकडे डोळे वर करून पाहिलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. गाडी काळा धूर ओकायची. धुराच्या तपासणीत ती नापास झाली. त्यात मेहुण्याची आई, मी जिला मावशी म्हणायचो ती, मागच्या सीटवर बसली की अर्ध्या तासात तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, मग ती काहीबाही बरळायची. बाबा तिला झाडाखाली बसवून मंत्र म्हणायचा, की ती सावरायची. एकदा सुनेकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिला घेऊन जा." झालं! गल्लीने निकाल लावला : पहिला नवरा बायकोला न्यायला आलाय.

मेहुणा कोपर खिडकीबाहेर काढून गाडी हाकायचा. त्याला कधी शिंकही आली नाही. "भूत सासूलाच धरणार," बाबाने खुलासा केला होता. "सुनेला घरात जागा तिने दिली ना!"

मी पोचलो तर ओट्यावर बहिणीची ट्रंक भरून ठेवलेली.

"हे काय गं?"

"आज भूत निघालं नाही, तर मी निघायचं, दादा. असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. मला सोडून."

माझ्या मनात पाल चुकचुकली. अठरा वर्षं मी गाड्यांखाली उताणा पडून सायलेन्सर जोडत होतो. भूत एकदाही भेटलं नव्हतं.

बाबाने गाडीला खेटून डब्यात ओली पानं पेटवली होती. "शुद्धीसाठी," म्हणाला. मग धुराच्या नळीत तीन वेळा फुंकलं आणि ओरडला, "ए पहिल्या! तुझा संसार आटोपला! रजा संपली, कामावर जा!" आणि पितळेची एक चकती त्याने नळीच्या तोंडात ठोकून बसवली. मधे करंगळीएवढं भोक.

"गाडी चालू करा!"

मेहुण्याने चावी फिरवली. मागून एरवी काळे लोट यायचे, तिथे आता जेमतेम विडीएवढा धूर.

"गेला! गेला!" लोक टाळ्या पिटू लागले. एका आजीने हात जोडले.

"आता आईला मागे बसवा," बाबा म्हणाला. "मागच्या काचा बंद. चौकाला तीन फेऱ्या. काच उघडली की तो परत शिरलाच म्हणून समजा!"

इंजिन जेवढा धूर करतं तेवढा करणारच. एका तोंडाने नाही निघाला, तर दुसरं तोंड शोधणार. मी पाण्याची बादली उचलली आणि त्या डब्यात ओतली. पानं विझली. तरी धूर येतच होता. आता सगळ्यांना दिसला. गाडीच्या पोटाखालून, अगदी मधोमधून.

"बाबा, हा कुणाचा?"

"तो... जाता जाता रेंगाळतोय."

"मग मावशींच्या जागी तुम्हीच बसा मागे. तुमच्यापुढे त्याची काय टाप!"

"मला पुढे बसावं लागतं. वाट दाखवायला."

"चौकाला फेऱ्या मारायला वाट कसली दाखवता?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. बाबाची पंचाईत झाली. तो मागे चढला. मी मेहुण्याशेजारी पुढे बसलो, दोघांनी आपापल्या काचा उघड्या ठेवल्या.

दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत मागची काच सर्रकन खाली आली आणि बाबाचं डोकं बाहेर.

"अहो बाबा, शिरेल ना तो!"

"थांबवा गाडी! थांबवा!"

तो उतरला तो डोकं धरूनच. "काय बाबा, पहिला नवरा तुमच्याही ओळखीचा का?" कोपऱ्यावरची शिंपीण म्हणाली.

मग मी मागच्या सीटखालची चटई उचलली. गंजलेल्या पत्र्याला दोन बोटं जातील एवढं भोक. खाली धुराची नळी नेमकी तिथेच तडकलेली. गाडी पुन्हा चालू करायला लावून मी तडकलेल्या जागी साबणाचा फेस फासला, तर फेस बुडबुडून उडाला. चकती उपटून काढली, तसा मागून काळा लोट परत आला.

"धुरात एक वायू असतो," मी सांगितलं. "त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात शिरला की माणूस भ्रमतो, आणि काचा बंद असल्या तर मरतोही. मागचं तोंड चकतीने आवळलं की तो इथून जास्तच आत शिरतो. पानांच्या धुरामुळे तुम्हाला खालचा दिसला नाही. मावशींना झाडाखाली बसवून बाबा मंत्र म्हणायचे, आणि त्या बऱ्या व्हायच्या. नुसतं झाडाखाली बसवलं असतं तरी झाल्या असत्या."

बाबा केव्हाच पसार झाला होता.

मावशींनी वाकून त्या भोकात दोन बोटं घालून पाहिली. "मी हिला काय काय बोलले, मला आठवतही नाही," त्या म्हणाल्या. मग मुलावर खेकसल्या, "ठोंब्यासारखा उभा काय राहतोस? ती ट्रंक आत ठेव!"

नळीचा तुकडा कापून मी नवा जोडला, पत्र्याला ठिगळ लावलं, कार्बोरेटर धुतला. चौथ्या दिवशी गाडी तपासणीत पास झाली. महिनाभर मावशी मुद्दाम मागेच बसत होत्या.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. गाडीत डोकं जड झालं, तर काच उघडा, खाली उतरा, मेकॅनिकला बोलवा. मेलेल्या माणसावर आळ घेण्याआधी आणि जितीजागती बाई घराबाहेर काढण्याआधी गाडीखाली एकदा वाकून बघा.

मावशी त्यानंतर अकरा वर्षांनी म्हातारपणाने गेल्या. माझी बहीण गेल्या वर्षी बारा फेब्रुवारीला सकाळी हृदयविकाराने गेली. एकाहत्तर वर्षांची होती. त्याच घरात गेली.